आडवा शब्द, चार घरं

"शब्दकोडं बंद करू या," शार्दूल करंदीकर म्हणाले, आणि माझ्यासमोर बसलेल्या ठोसर सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

शार्दूल पुण्यात होते. त्यांचा आवाज टेबलावरच्या फोनमधून येत होता आणि अकोल्याच्या ऑफिसात कोण बसलंय हे त्यांना दिसत नव्हतं. मी घाईनं स्पीकर बंद करायला गेले, तर सरांनी हात वर करून मला थांबवलं. चालू दे, ऐकतो मी, असा तो हात होता. वर्गात गोंगाट झाला की ते असाच हात करायचे, आणि पातूरच्या शाळेत मी त्यांच्याच वर्गात मराठी शिकले असल्यामुळे माझा हात आपोआप मागे आला.

"म्हणजे बघा ना," शार्दूल पुढे बोलत होते, "लोक कोडं उघडतात, चार-पाच शब्द भरतात आणि निघून जातात. पूर्ण करणारा हजारात एखादा. तिकडच्या वाचकाला ते झेपत नाहीये, प्रणिता. आपण एक चटपटीत क्विझ देऊ. सगळ्या पेपरांना एकच, पुण्यातून."

तेव्हा मी 'दैनिक मोर्णाकाठ'ची वेबसाइट सांभाळत होते. विभाग म्हणायला विभाग, माणूस मी एकटीच. छापील पेपर अकोल्यातच निघायचा. वेबसाइटचं काम मात्र मालकांनी पुण्याच्या एका कंपनीला दिलं होतं आणि ती कंपनी राज्यभरातल्या कितीतरी पेपरांच्या वेबसाइट चालवायची. शार्दूल त्या कामाचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, कधी आवाज चढवायचा नाही, फक्त ऊठसूट आलेख काढायची सवय होती. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. पेपर किती खपतो हे जाहिरातदार आता विचारेनासे झाले होते. वाचक पानावर किती वेळ थांबतो, काही दाबतो का, काही लिहितो का, हे विचारायला लागले होते. शब्दकोड्यावर वाचक घटकाभर बसेल आणि बाजूच्या जाहिराती त्याच्या डोळ्यांसमोर राहतील, या हिशेबानं तर कोडं वेबसाइटवर आणलं होतं.

क्विझ पुण्याची, बातम्या इथल्या वार्ताहरांकडून थेट पुण्याला जायला लागलेल्या. मग अकोल्यात वेगळी खुर्ची कशाला, हे शार्दूल बोलले नाहीत, तेवढे ते सभ्य होते. मला ते न बोलताच कळलं. नोकरीची काळजी वाटली, खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त राग आला तो 'झेपत नाहीये' या शब्दाचा. माझा मोठा काका जेवण झालं की पाटावरून उठायच्या आधी कोडं सोडवायचा आणि अडला की सगळ्या घराला कामाला लावायचा. आमच्या लोकांना कोडं झेपत नाही म्हणे!

मी दोन रविवार मागितले. लोक का सोडून जातात ते शोधून काढते, म्हटलं. शार्दूल म्हणाले, ठीक आहे, दोन रविवार.

फोन बंद झाल्यावर सरांनी पिशवीतून पुढच्या रविवारचं कोडं काढून माझ्यासमोर ठेवलं. वीस वर्षं ते दर गुरुवारी एसटीनं अकोल्याला यायचे, आलेखाच्या कागदावर पट्टीनं आखलेलं कोडं द्यायचे, चहा प्यायचे आणि परत जायचे.

"सोपं करायचं असेल," ते उठताना म्हणाले, "तर माझं नाव काढून टाक आणि मग कर."

मी म्हटलं, सर, सोपं नाही करणार. पण मग काय करणार, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

आधी मला वाटलं, वेबसाइटच काहीतरी खोड्या करत असणार. कारण सुरुवातीला तिनं केल्या होत्या. कोड्याचा सांगाडा इंग्रजीवरून उचललेला, त्यामुळे एक बटण दाबलं की एक घर पुढे, असा त्याचा कारभार. 'की' लिहायला गेलं की 'क' एका घरात आणि वेलांटी शेजारच्या घरात. काना बिचारा एकटाच चौकोनात उभा राहायचा. ते सगळं इरफाननं निस्तरलं होतं. इरफान मुजावर मूळचा मिरजेचा, पुण्याच्या ऑफिसात वेबसाइटची आतली जुळवाजुळव करणारा. अख्खं जोडाक्षर एका घरात बसवायला त्याला महिना लागला होता आणि ते बसलं तेव्हा त्यानं फोन करून मला 'ज्ञानेश्वर' लिहून बघायला सांगितलं होतं. त्याला विचारलं, तर तो म्हणाला, ताई, आता काही बिघाड नाही, हवं तर दहा फोनांवर तपासून दाखवतो.

शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारलं. सगळे म्हणाले छान आहे, छान आहे. तोंडावर विचारलं की सगळंच छान असतं.

उत्तर मिळालं ते सकाळच्या एसटीत. पातूर-अकोला गाडीवर मंगलाताई अंधारे कंडक्टर होत्या. पक्क्या कोडेवाल्या. छापील कोड्याची घडी त्यांच्या तिकिटाच्या पेटीत असायची, आणि कोडं मोबाइलवर येणार हे कळल्यावर कधी येते, कधी येते करून त्यांनी मला भंडावून सोडलं होतं. आल्यावर मात्र महिनाभरात त्यांचं विचारणंच बंद झालं. मला ते जाणवायला हवं होतं.

त्या दिवशी तिकिटं फाडून झाल्यावर मी त्यांना बाजूला बसवलं आणि माझ्या फोनवर कोडं उघडून दिलं. आधी त्या नको म्हणाल्या. डोळे दुखतात, वेळ नसते, पेपरातलंच बरं. मी हटले नाही. माझ्यासमोर सोडवा, म्हटलं, तुमची शप्पथ. मग त्यांनी चष्मा लावला आणि सुरू केलं.

बाई सुसाट निघाल्या. हिरवं, हिरवं, हिरवं. मग आडवा शब्द आला, चार घरं : 'उपासाच्या खिचडीत यांचा कूट हवाच.' मंगलाताईंनी क्षणभरही विचार न करता लिहिलं, फल्लीदाणे.

'फ' लाल झाला. 'ल्ली' लाल झाली. 'दा' आणि 'णे' हिरवे.

मंगलाताईंनी फोन माझ्या मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी म्हटलं, ताई, तिथं शेंगदाणे आहे. त्या म्हणाल्या, माहीत हाय मले.

"मग लिहा ना शेंगदाणे."

"लिहिलं असतं. पेपरात मी फल्लीदाणे लिहूनच पुढं जात होती. दुसऱ्या रविवारी उत्तर छापून ये, तं म्हणो, ठीक हाय, त्याईचं शेंगदाणे, आपलं फल्लीदाणे. भांडण नाई." त्यांनी चष्मा काढून डबीत घातला. "हा मोबाइल तसा नाई ना माय. हा तोंडावर म्हंते, तुले मराठी येत नाई. बारावी शिकली मी, सगळ्या डेपोत मीच कोडं सोडवतो म्हणून पोट्ट्याईले सांगत फिरे. बाजूच्या सीटवरचा माणूस पाहून रायला अन माझं घर लाल. कायले बसू मी बेइज्जती करून घेत?"

पुढचा थांबा आला आणि त्या घंटीची दोरी ओढायला उठल्या. मी तशीच बसून राहिले. त्या दोन लाल घरांवरून कुठलाही उभा शब्द जात नव्हता. म्हणजे कागदावर फल्लीदाणे लिहिलं तरी कोडं कुठेच अडत नव्हतं, आणि वीस वर्षं कुणालाच काही कळलं नव्हतं. कागद काही बोलत नाही, त्यामुळे कागदाचा कुणाला राग येत नाही.

ऑफिसात पोचल्या पोचल्या इरफानला फोन लावला. लोक कोड्यात काय लिहितात ते आपल्याला बघता येतं का, असं विचारलं.

"साठतंय की ताई सगळं," तो म्हणाला. "कोण काय लिहिलं, काय खोडलं, कुठल्या घरावर गेल्यावर पान बंद केलं, सगळं. आजवर कुणी मागितलं नाही, एवढंच."

संध्याकाळपर्यंत त्यानं ते पाठवलं. मी वाचत बसले आणि चहा गार झाला. फल्लीदाणे, फल्लीदाणे, फल्लीदाणे. कुणी एकदा लिहून खोडलेलं, कुणी खोडून परत तेच लिहिलेलं, जणू दुसऱ्यांदा तरी मशीन ऐकेल. एका पठ्ठ्यानं चार वेळा तेच लिहिलं होतं आणि मग शेंगदाणे लिहून, सगळं हिरवं झालेलं बघून, पान बंद केलं होतं. 'गुरे'च्या जागी ढोरे. 'टोमॅटो'च्या जागी भेदरं. लोकांना कोडं झेपत नव्हतं असं नव्हे. उत्तर त्यांना येत होतं आणि आम्ही त्यांना चूक म्हणत होतो.

मग मी सरांकडे गेले. उत्तरं सरांची, तेव्हा आधी त्यांनाच विचारायला हवं होतं. मला वाटलं होतं हे सोपं काम. सर पातूरचे, सात पिढ्या पातूरच्या. दोन उत्तरं चालतील एवढं म्हणाले की झालं.

सर ओसरीत बसले होते. मी सगळं सांगितलं, मंगलाताईंचंही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग आत तोंड करून काकूंना हाक दिली, "अवं, प्रणिता आली, च्या मांड. अन फल्ल्या भाजल्या अशीन तं आन थोड्या." आणि माझ्याकडे वळून अगदी वर्गातल्या आवाजात म्हणाले, "शेंगदाणे हेच उत्तर आहे. दुसरं उत्तर नाही."

मला हसू आलं आणि ते त्यांना दिसलं.

"हसू नकोस. घरात मी काय बोलतो हा प्रश्न वेगळा. कोडं छापलं जातं. छापायची भाषा ती छापायची भाषा."

मी वाद घातला. शाळेत ज्यांच्यासमोर तोंड उघडायची छाती नव्हती त्यांच्याशी, पण घातला. म्हटलं, सर, आपलेच लोक पान बंद करून चाललेत, आणि पुण्याला वाटतंय त्यांना अक्कल नाही. सर म्हणाले, ती तुझ्या यंत्राची चूक आहे, माझ्या कोड्याची नाही. मी म्हटलं, यंत्राला चूक कुठली ते आपणच सांगितलंय.  काकूंनी चहा आणि ताटलीत भाजलेल्या शेंगा आणून ठेवल्या, पण सरांनी हात लावला नाही.

"बीएडला मी पुण्याला होतो," शेवटी ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी मेसमध्ये म्हटलं, जरा फल्लीदाण्याची चटणी द्या. अख्खी पंगत हसली. वाईट मुलं नव्हती ती, गंमत म्हणून हसली. पण वर्षभर माझं नाव फल्ली. ए फल्ली, इकडे ये. फल्ली, तुझं पत्र आलंय. परत आलो तेव्हा ठरवलं, माझ्या हाताखालच्या एकाही पोराला कुणी असं नाव ठेवता कामा नये. तीस वर्षं मी वह्यांतल्या फल्ल्या लाल शाईनं खोडल्या. तुझ्याही खोडल्या असतील."

खोडल्या होत्या. आणि त्याचा मला फायदाही झाला होता, पुण्यातल्या माणसांशी फोनवर बोलताना माझी जीभ कधी अडखळली नाही. सरांचा मला राग येईना आणि त्यांचं पटेनाही. पण हात हलवत परत जायला मी आले नव्हते.

मी म्हटलं, "सर, तुमच्या उत्तराला मी हात लावत नाही. पण घर लाल झालं की त्याच्या शेजारी एक बटण येईल : 'माझंही बरोबर'. ते दाबलं की वाचकानं आपलं उत्तर लिहायचं आणि कारण लिहायचं. कारण पटलं तर घर हिरवं. कारणं सगळ्यांना वाचता येतील."

"आणि पटलं की नाही हे कोण ठरवणार?"

"सध्या मी."

"बटण तुझं आहे, कोडं माझं," सर म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप उचलला. हा होकार होता की नकार, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर नकार झाला असता.

शार्दूलला पटवणं त्याहून अवघड जाईल असं वाटलं होतं, आणि गेलंच. त्यांनी इरफाननं काढलेली माहिती बघितली, कौतुकही केलं, आणि म्हणाले की कुठल्या शब्दाला काय म्हणतात यात आपण पडायला नको. लोक भांडतील. आज दाण्यांवरून भांडतील, उद्या आणखी कशावरून. आपण काही भाषेचे न्यायाधीश नाही.

"मग लाल तरी कशाला करता?" मी म्हणाले.

ते काही म्हणायच्या आत मीच पुढे बोलले.

"तुम्ही लाल केलंत तेव्हाच निकाल दिलात ना. पेपर निकाल देत नव्हता. आपण घराघरात शिरून, माणसाच्या हातातल्या फोनवर, लगेच निकाल देतो, आणि त्याला बोलायला जागाच ठेवत नाही. एकतर लाल करणं बंद करा, नाहीतर त्याचं ऐकून घ्या."

मी एवढं बोलेन असं त्यांना वाटलं नव्हतं. मलाही नव्हतं वाटलं. ते म्हणाले, एक रविवार. फक्त अकोल्याच्या पानावर. नाही चाललं तर सोमवारपासून क्विझ. त्याच फोनवर असलेला इरफान मध्येच म्हणाला की बटण तयारच आहे, त्यानं आदल्या दिवशीच करून ठेवलंय. शार्दूल हसले. मी सोमवारचा विचार करत होते.

त्या रविवारी सकाळी ऑफिसात मी एकटी; नव्या कोड्याखाली शेंगदाण्याचं कोडंही बटणासकट परत लावलं होतं. छापखाना झोपलेला, पंखा तेवढा कुरकुरत होता. आधी कुणी बटण दाबेना. लोक लाल घरावर यायचे, थांबायचे आणि निघून जायचे, आणि ते मला पडद्यावर दिसायचं. आता जेवढं दिसत होतं तेवढं न दिसतं तर बरं, असंही वाटून गेलं. मग पहिलं कारण आलं, खाली नाव मंगला अंधारे, वाहक. लिहिलं होतं : 'अकोला डेपोत कोणालाही विचारून पाहावे.'

कारण म्हणावं असं ते नव्हतंच. मी मान्य केलं.

घर हिरवं झालेलं मंगलाताईंनी डेपोत सगळ्यांना दाखवलं असणार, कारण मग अकोला डेपोच आला. चालक आले, मेकॅनिक आले, कॅन्टीनवाला आला. मग अकोट, मूर्तिजापूर, वाशीम. कुणी लिहिलं, आमच्या तेलाच्या डब्यावर फल्ली तेल छापलेलं आहे, शेंग तेल नाही. कुणी लिहिलं, मी तीन एकर पेरतो, मला नाव विचारा. परभणीहून एकजण आला आणि भुईमुगाच्या शेंगा म्हणजे नुसत्या शेंगा म्हणावं की नाही यावर दोघांशी वाद घालत बसला. एका बाईंनी लिहिलं की सासर सांगलीचं, माहेर बाळापूरचं, त्यामुळे डब्यावर दोन चिठ्ठ्या आहेत. लोक आपलं कोडं संपवून दुसऱ्यांची कारणं वाचायला थांबत होते. भांडणं झाली, शार्दूल म्हणाले होते तशीच झाली, पण शिवी एकही आली नाही. मी दिवसभर मान्य, मान्य करत बसले आणि डबा खायचा राहिला.

सोमवारी शार्दूलचा संदेश आला, 'चालू ठेवा.' दुपारी त्यांनी फोन केला. कुठलंच पान त्यांच्या एकाही पेपरवर एवढा वेळ उघडं राहिलं नव्हतं. अकोल्याचं कोडं, त्या बटणासकट, आता सगळ्या पेपरांवर जाणार होतं. पुण्याच्यासुद्धा. क्विझबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. फोन ठेवल्यावर मी टेबलावर डोकं ठेवून जराशी रडले. बरं वाटलं.

सर मात्र त्या गुरुवारी आले नाहीत. त्यांना फोन केला तर काकूंनी घेतला आणि म्हणाल्या, ते बाहेर गेले. मागून सरांचा खोकला ऐकू येत होता. कोडं शुक्रवारी आलं, मंगलाताईंच्या हाती, बंद पाकिटात. मला चुटपुट लागली. नोकरी वाचली, कोडं वाचलं, पण मी सरांच्या मागे लागून त्यांच्या उत्तरावर चारचौघांत बोट ठेवलं होतं, आणि बोट ठेवणाऱ्यांत त्यांचेच विद्यार्थी होते. वीस वर्षांत पहिल्यांदा ते स्वतः आले नव्हते.

पाकिटातलं कोडं मी वेबसाइटवर चढवायला घेतलं. आखणी तशीच नेटकी, सूचना तशाच काटेकोर. एका आडव्या शब्दाची सूचना होती : 'बाजारात जुडीने मिळते; वरणावर हिरवेगार चिरून पेरतात.' तीन घरं. मी उत्तरांचा कागद बघितला. सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, सांबार.

मी दोनदा वाचलं. अकोल्यात हा प्रश्न शेंबडं पोरसुद्धा सोडवेल. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबारच म्हणतात, त्याची वडीही करतात, आणि बाहेरचा पाहुणा आला की त्याच्यासमोर पहिला घोटाळा याच शब्दाचा होतो. सरांनी हा शब्द वीस वर्षांत कोड्याच्या जवळपास फिरकू दिला नव्हता. आणि हे कोडं सगळ्या पेपरांवर जाणार होतं, ते मी गुरुवारी फोनवर काकूंना आनंदानं सांगितलं होतं. म्हणजे सरांना माहीत होतं. मी कुणाला काही विचारलं नाही. चढवलं.

रविवारी सकाळी ऑफिस उघडायला गेले तर सर पायरीवर बसलेले. धुतलेलं धोतर, हातात पिशवी. आत येऊन त्यांनी माझ्याशेजारी खुर्ची ओढली आणि आपल्या वर्गातल्या मराठीत म्हणाले, "मान्य-अमान्य करायचं काम आजपासून माझ्याकडे दे. कोडं माझं आहे, तर वाचकांना उत्तरही मीच दिलं पाहिजे. कुठलं बटण दाबायचं ते दाखव."

मी दाखवलं. त्यांनी तर्जनीनं एकदा दाबून बघितलं, जोर जरा जास्तच लावला.

थोड्या वेळानं फोन वाजला. शार्दूल. मी या वेळी विचारून स्पीकर लावला.

"प्रणिता, कोड्यात काहीतरी गडबड झालीय का? तो आडवा शब्द, जुडीवाला. घरं तीनच आहेत. कोथिंबीर चार होते."

"होते."

"मी आईलाही विचारलं. आम्ही दोघं अर्धा तास बसलोय. मग मी उत्तर उघडून पाहिलं, तर सांबार. सांबार इडलीबरोबर असतं हो. सगळं लाल झालंय इथे."

सर माझ्याकडे बघत नव्हते. पडद्याकडे बघत होते.

"मग त्याच्या शेजारी बटण आहे ना," मी म्हणाले. "ते दाबा. आणि कारण लिहा."

पलीकडे त्यांनी आईला काहीतरी विचारलं. मग शार्दूल हळूच म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला.

आम्ही वाट बघत बसलो. पंखा फिरत होता. पडद्यावर एक ओळ उमटली. उत्तर : कोथिंबीर. कारण : आमच्या घरी असंच म्हणतात.

सरांनी चष्मा सारखा केला आणि ती ओळ वाचली. मग परत वाचली. तीस वर्षं वह्या तपासणाऱ्या माणसाला वाचायला एवढा वेळ का लागतोय, ते मला कळेना, म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं. ते हसत होते, त्या ऑफिसात पहिल्यांदाच.

"दे बाप्पा त्याले हिरवं," ठोसर सर म्हणाले. "त्याचंई बराबर हाय."